इशाऱ्यांची पानं

सुरी म्हणजे सुरी, त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्या माणसाला जर्मन कंपनी एजन्सी देते तरी कशी? अनिरुद्धला दिली. अंधेरीच्या एमआयडीसीत बसून तो हॉस्पिटलांना मायक्रोटोम विकतो. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, त्याचं यंत्र. ते काप बघून डॉक्टर सांगतात, कॅन्सर आहे की नाही. या यंत्रांची जर्मन मॅन्युअलं मुलुंडला घरी बसून इंग्रजीत करायचं काम माझं. म्हणजे, होतं.

जर्मन लोकांना ब्लेडच्या प्रत्येक अंगाला नाव लागतं. धारेला वेगळं, धारेच्या उताराला वेगळं, आणि तो उतार नि मेणाचा तुकडा यांच्यामध्ये जी फट सुटते तिच्या कोनाला आणखी वेगळं. त्याला ते ‘फ्रायविंकेल’ म्हणतात. माझ्या आधीच्या कोणा शहाण्याने त्याचं ‘फ्री अँगल’ करून ठेवलं होतं. अरे, फ्री काय, सेल लागलाय? इंग्रजीत त्याला क्लिअरन्स अँगल म्हणतात. ही असली नावं पक्की करायला मी लॅबमध्ये जाऊन तिथल्या पोरींना भंडावून सोडायचे. मला त्या कामाचा माज होता, आणि का नसावा?

पण अनिरुद्धच्या ऑफिसची एक पद्धत होती. मॅन्युअलच्या सुरुवातीची इशाऱ्यांची पानं माझ्याकडे यायचीच नाहीत. “उत्तराताई, ती सगळ्या मशीनना सेमच असतात. जुन्यातनं उचलतो ना,” तो म्हणायचा. मी कितीदा सांगितलं, बाबा रे, असं करू नकोस. दगडावर डोकं आपटायचं नुसतं.

मग ते मोटरवालं नवीन मॉडेल आलं. मूळ जर्मन पुस्तक माझ्याकडे अख्खं होतं, म्हणून इशाऱ्यांची पानंही मी वाचली. जुन्या मशीनला हाताने फिरवायचं चाक लॉक केलं की काम भागायचं. नव्याचं तसं नव्हतं. चाक लॉक असलं तरी पायाखालचं पेडल चालूच राहायचं आणि ते दाबलं की मोटर फिरायची. मी ताबडतोब ते वाक्य इंग्रजीत करून अनिरुद्धला मेल केलं: चाक लॉक करणं पुरेसं नाही, आधी पेडल बंद करा, मगच ब्लेडजवळ हात न्या. कोणी मागितलं नव्हतं, तरी केलं. ‘नोटेड ताई’ असं उत्तर आलं.

कसलं नोटेड! बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात सुगंधा नावाच्या टेक्निशियनने पुस्तकात लिहिलं होतं तसंच केलं. चाक लॉक केलं, मेणाचा तुकडा बदलायला हात घातला आणि पाय पेडलवर पडला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं.

हॉस्पिटलने चौकशी लावली. पुस्तकाच्या शेवटी अनुवादक म्हणून माझं नाव छापलेलं, तेव्हा मलाही बोलावलं. मी मोबाइलमध्ये तो मेल उघडूनच निघाले होते. आज या अनिरुद्धची चांगली जिरवते, असं मनात म्हणत होते.

मीटिंगरूमबाहेर बाकड्यावर सुगंधा बसली होती. हाताला जाडजूड पट्टी, शेजारी तिची आई. आई मला म्हणाली, “मॅडम, हिचा काँट्रॅक्ट आसा ओ. चूक हिचीच म्हणान लिवल्यानी तर उद्या घरी बसवतले. हिचो पप्पा गिरणीत होतो, तोय आता नाय. घर हिच्यारच आसा.” सुगंधा तिला गप्प करत होती. “आई, पुरे गं. मॅडम, मी वाचलं होतं हो. दोनदा वाचलं होतं.”

मी काही बोलणार तेवढ्यात अनिरुद्धने मला पॅसेजच्या टोकाला नेलं. आवाज अगदी मऊ.

“ताई, आत तो मेल काढू नका.”

“का? घाबरलास?”

“हो, घाबरलो. इशाऱ्यांची पानं आम्ही भाषांतरच करत नाही हे जर्मनीत कळलं तर एजन्सी गेली. मग वकील उतरतील. तेव्हा आम्हाला म्हणावंच लागेल की या मुलीने ट्रेनिंग घेतलं होतं, सहीही केली होती, सगळा निष्काळजीपणा तिचा. केस चालेल तोवर ती घरी. तेच अनुवादात एक वाक्य राहून गेलं म्हटलं, की विषय इथेच संपला. हॉस्पिटल तयार आहे. ती सोमवारपासून कामावर.”

“म्हणजे मी खोटं बोलायचं. माझ्या नावावर.”

“तुमच्या हातात आहे, ताई.”

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच, हात शिवशिवले. पण बाकड्यावर ती पोरगी डाव्या हाताने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला बघत होती आणि ते उघडत नव्हतं. मी तिथे गेले, झाकण उघडून दिलं आणि आत जाऊन म्हणाले, “वाक्य माझ्याकडून राहिलं. टेक्निशियनची काही चूक नाही.”

टेबलापलीकडचे डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामात कोणी साधा स्वल्पविराम बदलला नव्हता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

बाहेर आले तर सुगंधा उभी. तिला आतलं कळलं होतं. ती हळूच म्हणाली, “मॅडम, माझं बोट गेलं हो. एवढं एक वाक्य दिसलं नाही तुम्हाला?”

मी म्हटलं, “नाही दिसलं.” दुसरं काय म्हणणार? आईने तिचा दंड धरला, आणि लिफ्ट समोर उघडी असताना दोघी जिन्याने गेल्या.

त्यानंतर अनिरुद्धकडून काम आलं नाही. दुसऱ्यांकडूनही हळूहळू बंद झालं. या धंद्यात असली बातमी लपत नाही. मी शेजारच्या पोरांना जर्मन शिकवते आता. डेर, डी, डास.

परवा न राहवून सुगंधाला फोन केला. हात कसा आहे विचारलं. तुटक बोलली. बरा आहे म्हणाली, मधल्या बोटाने सवय करतेय, काप आता येतात नीट.

“आणि मशीन?”

“तेच आहे. पुस्तक मात्र नवीन दिलं. पेडलचं आता पहिल्याच पानावर आहे.” मग तिने मला ते इंग्रजीत वाचून दाखवलं. मी मेल केलेलं वाक्य होतं. शब्दाला शब्द.

“बघा, किती साफ लिहिलंय,” ती म्हणाली. “यावेळी कोणीतरी धड माणूस घेतलेला दिसतो.”

“हो,” मी म्हटलं. “चांगलं केलंय.”