मागच्या वळणावरचं पाणी

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि अख्ख्या गॅरेजात एकच माणूस खूश होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. वीस वर्षं त्यांनी याच ट्रॅकवर गाडी पळवली. मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी शर्यती बंद केल्या आणि संघातली त्यांची निळी गाडी माझ्याकडे आली. तेव्हापासून एकच शब्द ऐकून माझे कान किटले होते. वशिला.

हा शब्द सगळ्यांत जास्त आवडायचा तुफानला. संघाची दुसरी, पिवळी गाडी तो चालवायचा. तुफान हे नाव त्याला कुणी दिलं नव्हतं, त्याने स्वतःच हेल्मेटवर रंगवून घेतलं होतं. मी बाजूने गेले की तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "काहींना सासूकडून दागिने मिळतात, काहींना गाडी मिळते." मला राग लवकर येतो. आणि आला की मुक्कामालाच राहतो.

वर्षाची ही शेवटची शर्यत. मालकांनी आम्हा दोघांना बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, पुढच्या वर्षी संघाची एकच गाडी धावणार. आज दोघांत जो पुढे राहील, त्याला ती मिळणार. मागे राहील त्याने दुसरा संघ शोधावा. तुफानला कुणीही घेतलं असतं. वशिल्याची म्हणून नाव झालेल्या बाईला दारात कोण उभं करणार होतं?

शर्यतीआधी ट्रॅक पायी फिरून बघायची मुभा असते. बाकीचे ड्रायव्हर कोरड्यात कॉफी पीत बसले होते. सासूबाई रेनकोट चढवून, काठी घेऊन मला बाहेर घेऊन गेल्या. काठीचं रबरी टोक त्या डांबरावर घासत चालल्या होत्या. मधल्या काळ्या, चकचकीत पट्ट्यावर टोक सुळकन सरकायचं. बाहेरच्या करड्या, खडबडीत भागावर अडायचं.

"बघितलंस? कोरड्यात सगळे त्या काळ्या पट्ट्यावरूनच जातात. टायरचं रबर घासून घासून तिथे बसलंय. पाणी पडलं की नुसता साबण. तू बाहेरून जा. वळण लांब पडेल, पडू दे."

"तुफान आतून घुसेल की, आई."

"घुसू दे. घुसेल आणि घसरेल."

अर्धा ट्रॅक झाला आणि त्यांचा खुबा कुरकुरायला लागला. टेकाडामागचा उरलेला भाग त्यांनी उभ्या उभ्या तोंडीच सांगितला. "मागच्या वळणाची काळजी करू नकोस. पाऊस थांबला की सगळ्यांत आधी तिथलं पाणी निचरतं." मी मान डोलावली. एवढ्या वर्षांच्या अनुभवापुढे मी काय बोलणार?

गॅरेजात नवऱ्याने गाडीला खाचांचे टायर चढवले होते. पाणी या खाचांतून बाहेर फेकलं जातं. ट्रॅक कोरडा झालाच तर बदलायला गुळगुळीत टायरही त्याने गरम करून ठेवले होते. तो आमचा मेकॅनिक. आई आणि बायको यांच्या मध्ये राहून कमी बोलायची कला त्याने कमावली आहे. "पट्टे घट्ट आहेत ना?" एवढंच त्याने विचारलं.

पहिल्या फेऱ्यांत गाड्या दिसतच नव्हत्या, नुसता पाण्याचा पांढरा पडदा आणि त्यात अंधूक लाल दिवे. तरी मी पहिल्याच वळणाला बाहेरचा खडबडीत भाग धरला. आतल्या बाजूने काही गाड्या मला ओलांडून गेल्या आणि वळण संपायच्या आत आडव्यातिडव्या झाल्या. झोपलेल्या बाळाला थोपटावं इतक्या हलक्या पायाने मी वेग वाढवला आणि त्यांच्या बाजूने निघून गेले.

कानात रेडिओवर सासूबाईंचं अखंड चालूच होतं. "ब्रेक आधी. अजून आधी. शाबास. शाबास कसली, घसरलीस की." स्वयंपाकघरातही त्या अशाच असतात, तिथे निदान रेडिओ नसतो.

अर्धी शर्यत संपली तेव्हा तुफान पहिला होता आणि त्याच्या मागे मी. गाडी तो छान चालवतो, हे मला रागातसुद्धा कबूल आहे. मग पाऊस थांबला, ऊन पडलं आणि गॅरेजसमोरचा सरळ रस्ता बघता बघता सुकू लागला. तुफान टायर बदलायला आत वळला. त्याच्या मागोमाग आणखी गाड्या वळल्या.

"तू पण आत ये," सासूबाई म्हणाल्या. "ट्रॅक सुकतोय."

मी नुकतीच टेकाडामागून आले होते. तिथलं पाणी निचरत नव्हतं, उलट वाढत होतं. यंदा टेकाडावर प्रेक्षकांसाठी सिमेंटची गॅलरी बांधली होती आणि तिच्या पायऱ्यांवरचं सगळं पाणी मागच्या वळणावर आडवं वाहत होतं. सासूबाई शर्यतीत धावायच्या तेव्हा तिथे गवत होतं. ट्रॅक त्यांना तोंडपाठ होता, पण गवत असतानाचा. आणि त्या बसल्या होत्या तिथून टेकाडामागचं काही दिसत नाही.

"आई, मागे पाणी आहे. मी येत नाही."

"तिथे पाणी राहत नाही. आत ये."

"मी डोळ्यांनी बघितलंय."

"सगळे आत येतायत. तू एकटीच शहाणी का?"

गाडीत बसल्यापासून त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. आत जाऊन हरले असते तर लोक म्हणाले असते, सासूच्या जिवावर उड्या मारत होती. बाहेर राहून हरले असते तर म्हणाले असते, हिला एवढंही कळत नाही. बोलणी दोन्हीकडून ठरलेलीच होती. मग निदान स्वतः बघितलेल्या गोष्टीपायी खावीत.

"हो, शहाणी आहे," मी म्हणाले आणि सरळ निघाले.

कानात एकदम शांतता पसरली. लग्न झाल्यापासून त्या इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. तुफानपेक्षा मला त्यांचीच जास्त भीती वाटली.

कोरड्या भागावर माझे टायर तापून मऊ पडायला लागले, तेव्हा कडेची डबकी शोधून मी त्यांना पाणी पाजत राहिले. नव्या टायरवर तुफान बाकी सगळीकडे मला गाठत होता आणि मागच्या वळणावर जीव मुठीत धरून, रांगत जात होता. तरी आरशातली पिवळी गाडी दर फेरीला मोठी होत गेली. शेवटच्या फेरीत, टेकाडाच्या अलीकडे, त्याने मला मागे टाकलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पण या वेळी रांगायला तो तयार नव्हता. मी जिथे ब्रेक दाबला, तिथून तो तसाच सुसाट पुढे गेला. वाहत्या पाण्यावर त्याची गाडी तरंगली, माझ्यासमोरून आडवी सरकली आणि बाहेरच्या वाळूत जाऊन रुतली. मी आतून निघाले. खाचा पाणी कापत होत्या आणि गाडी माझं ऐकत होती. आरशात बघितलं तर तो धडधाकट उतरून स्वतःच्या टायरला लाथ मारत होता.

शेवटच्या सरळ रस्त्यावर माझ्या पुढे कुणी नव्हतं. झेंडा पडला आणि मी हेल्मेटच्या आत घसा फुटेस्तोवर ओरडले, मग रडले, मग परत ओरडले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता आणि तो सगळाच्या सगळा माझा होता.

गॅरेजात नवऱ्याने मला पट्ट्यांसकट मिठी मारली. सासूबाई कानांवरचा रेडिओ न काढता खुर्चीत बसून होत्या. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी तुझी. आणि पुढच्या वर्षीही रेडिओवर सासूबाई आहेतच, मग काळजी नाही."

"काळजी आहे," सासूबाई म्हणाल्या. वाळूने माखलेला तुफान नुकताच आत आला होता. त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "आज माझं ऐकलं असतं तर ही हरली असती. रेडिओवर कोण हवं ते तिला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

"तुम्हीच बसा, आई," मी म्हणाले. "हवं तेवढं बोला. ऐकायचं की नाही ते मी बघेन."