सत्त्याऐंशी नंबरची होडी

"बाईचं नाव सांग," विस्तीन झेराफा मान वर न करता म्हणाला.

"ठाऊक नाही, सिन्योर."

"तोंड तरी पाहिलं असशील की नाही?"

"डोक्यावरून ती काळी ओढणी घेतली की आपल्या सगळ्या बाया सारख्याच. परवा चर्चबाहेर मी माझीच समजून एकीला हाक मारली, तर तिचा नवरा माझ्या अंगावर..."

"पुरे."

काउंटरपलीकडे कार्मनु नावाडी टोपी चुरगाळत उभा होता. साठी उलटलेला आणि वल्ही मारून मारून खांद्यात वाकलेला माणूस. पहारेकऱ्याचा अहवाल विस्तीनसमोर पडला होता. समुद्रापलीकडच्या स्फाक्स बंदराहून आलेल्या जहाजावर पिवळं निशाण असताना, म्हणजे डॉक्टरांनी जहाज मोकळं केलेलं नसताना, काल संध्याकाळी पाच वाजता सत्त्याऐंशी नंबरची होडी मनाई असलेल्या अंतरात शिरली. होडीत एक बाई होती. शिट्टी वाजवूनही होडी पाव तास तिथून हलली नाही.

बंदर-कचेरीत अशा दंडांची प्रकरणं बावीस वर्षं विस्तीनच पाहत होता. इंग्रज साहेब आले नि गेले, टेबल त्याचंच राहिलं. घाटावरचे नावाडी म्हणत, हा सख्ख्या बापालाही दंड ठोकेल. विस्तीनच्या कानावर ते यायचं. वरवर तो कपाळाला आठ्या घालायचा, पण खरं सांगायचं तर मनातून सुखावायचा. वशिल्यावर चालणाऱ्या या बेटावर आपल्याविषयी असं बोललं जातं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

"हा तुझा तिसरा गुन्हा, कार्मनु. होडीची परवान्याची पाटी काढून घेतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"बाईने गळ घातली असं सांगितलंस, नाव दिलंस, तर गुन्हा तिच्यावर जातो. पाटी वाचते. मग कशाला उगाच एका परक्या बाईसाठी स्वतःच्या पोटावर पाय देतोस?"

कार्मनु टोपी फिरवत राहिला. "आईला नाही म्हणायला मला जमत नाही, सिन्योर. घाटावर सगळ्यांनी तिला नाही म्हटलं होतं."

"आईला? कोणाच्या?"

"कोणाच्या तरी असेलच की."

विस्तीनने सुस्कारा सोडला. आज त्याचं मनच थाऱ्यावर नव्हतं. त्याच जहाजावर त्याची मुलगी मेना होती. स्फाक्समध्ये पटकीची साथ पसरली, जावई दगावला, आणि तापाने फणफणलेली ती एकटीच माहेरी निघाली होती. काल दुपारी जहाज लागल्याचं कळताच चेट्टाने, त्याच्या बायकोने, त्याचे पायच धरले. "लांबून का होईना, मला पोर बघू दे. तू सोबत असलास तर कोणीही होडी देईल." त्याने तिला उठवलं, समजावलं. उद्या बारा वाजता निशाण उतरेल. एका दिवसाने काय बिघडतं? दंडाचं टेबल सांभाळणाऱ्यानेच हद्द मोडली तर उद्या त्याने घाटावर तोंड कसं दाखवायचं? एवढं बोलून तो कचेरीत परत आला. रात्री चेट्टाने मुकाट्याने सूप वाढलं. रागावली असेल, असं त्याला वाटलं.

साडेदहाला आरोग्य खात्याचा शिपाई रोजच्यासारखा जहाजांचे कागद टाकून गेला. विस्तीनने अधीरपणे वरचाच उचलला. जहाज बारा वाजता मोकळं. उतारू एकतीस. आजारी कोणी नाही. मृत एक, पहाटे चार वाजता, फिलुमेना, वय चोवीस, विधवा. कारण ताप, पटकी नव्हे.

त्याने तो कागद पुन्हा वाचला. मग वजनाखाली नीट सरळ ठेवला. फिलुमेना हे मेनाचं चर्चमधलं नाव. घरात ते कोणी घेतच नसे.

"सिन्योर?" कार्मनुने विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं. "काय झालं? पांढरेफटक पडलात."

"माझी मेना," विस्तीन म्हणाला. "गेली."

कार्मनुने छातीवर क्रूसाची खूण केली. मग काउंटरवर वाकून, मागे रांगेत उभ्या असलेल्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "एक सांगतो. पण लिहू नका. कालची बाई सिन्योरा चेट्टा होती. तुमच्या कानावर जाऊ देऊ नको अशी शपथ घातली होती तिने. म्हणाली, त्याला कळलं तर त्याला लिहावं लागेल."

विस्तीनने टाक बाजूला ठेवला.

"पोरीला दोन खलाशांनी खुर्चीत बसवून कठड्याशी आणलं होतं. मायलेकी बोलल्या. मी वल्ही धरून पाठ फिरवली, पण कानाला काही झाकण असतं का? पोरीने विचारलं, पप्पा नाही आले?"

"मग?"

"सिन्योरा म्हणाली, कामावर आहेत."

"मग? मेना काय म्हणाली?"

"हसली हो. म्हणाली, मग बरोबर आहे."

विस्तीनचा चेहरा वेडावाकडा झाला. बावीस वर्षांत कचेरीतल्या कोणी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आत्ताही त्याने आवाज फुटू दिला नाही, फक्त दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. एका दिवसाने काय बिघडतं, असं आपणच म्हणालो होतो. कालची एक संध्याकाळ होती, आणि ती आपण याच खुर्चीत बसून काढली.

मग त्याने टाक उचलला.

"नका, सिन्योर. साहेब तुम्हाला काढून टाकतील. पाटीचं काय, मी जाळी विणून पोट भरेन."

"गप्प उभा राहा." त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, बाईचं नाव चेट्टा झेराफा. नावाड्याला गळ तिने घातली. बायकोच्या गुन्ह्याला कायद्याने नवरा जबाबदार, म्हणून खाली गुन्हेगाराच्या जागी स्वतःची सही केली. सहीचा कागद साहेबांच्या पेटीत टाकून तो परत येऊन बसला.

"सुटलास. जा."

कार्मनु गेला नाही.

"खुर्चीत बसली होती म्हणालास," विस्तीन म्हणाला. "टेकून? की धरावं लागत होतं तिला?"

"टेकून. एका हाताने कठडा धरला होता."

"केस बांधलेले होते?"

"मोकळे होते. वाऱ्याने सारखे तोंडावर येत होते."

"अंगावर काही पांघरलं होतं? थंडी वाजत होती का तिला?"

"निळी शाल होती. थंडीचं काही बोलली नाही."

रांगेतले नावाडी आपापल्या नोटिसा हातात धरून मागे उभे होते. विस्तीन एकेक प्रश्न विचारत राहिला, कार्मनु आठवून आठवून उत्तरं देत राहिला. पुढे कोणी सरकलं नाही.