कापडाचा खालचा काठ

“दादा, कापडाचा काठ पुरलेला नाही,” तपासनीस म्हणाला.

उताराच्या खालच्या कडेला कापडाचं कुंपण ताठ उभं होतं, पण त्याचा काठ मातीवर नुसता टेकलेला. नियम साधा होता. खोदकामाआधी हे कापड लावायचं आणि खालचा काठ चरात पुरायचा, म्हणजे पावसाचं पाणी गाळून जातं, माती इथेच राहते. नाहीतर सगळा चिखल थेट खालच्या तळ्यात.

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, याच बांधकामावरचा मुकादम. खडीचा ट्रक इथूनच आत येणार, मग आत्ता पुरायचं, पुन्हा उपटायचं, हा उपद्व्याप सांगितलाय कोणी, असं त्याचं म्हणणं. ट्रक गेला की दुपारी पुरतो म्हणाला. वर “साहेब झालास म्हणून मला शिकवतोस होय रे?” अशी टपलीही मारली.

दुसरा कुणी असता तर तपासनिसाने जागच्या जागी काम बंद पाडलं असतं. कचेरीत त्याला उगीच ‘करवत’ म्हणत नसत. पण शाळा सोडून, विटा वाहून याच दादाने त्याला शिकवलं होतं. त्याच्यापुढे कसली करवत आणि कसलं काय! दुपारी नक्की पुर, एवढं बजावून तो निघाला.

ट्रकच्या आधी पाऊस आला.

दुपारी तो धावतपळत पोचला तेव्हा कापड जागच्या जागी होतं आणि माती त्याच्या खालून निघून गेली होती. तळ्यात मासे उलटे तरंगत होते. वर्षभर जिवापाड जपून ते वाढवणारी तळ्यावरची मावशी गुडघाभर गाळात उभी राहून जाळीने मेलेले मासे काढत होती. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सकाळी तुम्हाला वर पाहिलं,” ती म्हणाली. “म्हटलं, चला, आता काळजी नाही.”

तो वर आला आणि गाडीतून ‘काम बंद’ची पाटी काढली. काम बंद पडलं की मालक आधी मुकादमालाच घरी बसवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“सकाळीच थांबवायला हवं होतं रे दादा. चुकलं माझं.”

धाकट्याच्या हातून खिळा दोनदा वाकला, तेव्हा दादाने हातोडी काढून घेतली, पाटी सरळ धरली आणि स्वतःच ठोकली.