चौदा खुंट्या

आधीच सांगतो, मी तापट माणूस आहे. बायको म्हणते, तुमच्या नाकावर राग नाही, रागालाच नाक बसवलंय. गाड्यांच्या पोटाला गंज लागू नये म्हणून खालून काळा रबरी लेप मारायचा, हा आमचा दोघांचा धंदा. ती घासून, धुऊन, वाळवून देते. मी लेप मारतो. समुद्र जवळ, हवा खारट, रस्त्यांवर खडी उडते, त्यामुळे कामाला तोटा नाही.

या कामात एक गोष्ट जिवापाड सांभाळावी लागते. गाडीच्या दोन्ही बाजूंना दरवाज्यांखाली लांब पोकळ पट्टी असते. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून तिला खालून भोकं असतात; इथल्या बहुतेक गाड्यांना एकेका बाजूला सात. लेपाने ती बुजली की पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून आम्ही आधी भोकांत लाकडाच्या चौदा खुंट्या बसवतो, लेप मारतो आणि तो ओला असतानाच खुंट्या उपटून डब्यात टाकतो. तीन वर्षांपूर्वी त्या खुंट्या गायब झाल्या. मी बायकोला म्हणालो, तूच केरात टाकल्यास. ती नाही म्हणत राहिली, मी ओरडत राहिलो. शेवटी तिने मुकाट्याने नव्या चौदा तासल्या.

परवा शनिवारी सकाळी माझी थोरली बहीण, ताई, गाडी घेऊन आली. ताई नर्स आहे, किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाते. मी पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण तिच्यासाठी अजून बारक्याच.

"बारक्या, वळण घेतलं की गाडीत खळखळ वाजतं रे. आणि सोमवारी पासिंग आहे."

"मग?"

"मग काय? गाडी नापास झाली तर फिरणं बंद. साहेब म्हणालेत, ऑफिसात बसा आणि कागद बघा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्या बोटवाल्या आजोबांच्या पायाची जखम आत्ता कुठे भरायला लागलीय. दुसऱ्या कुणाला ते दारात उभं करत नाहीत."

ती हसत सांगत होती, पण हातातली किल्ली सारखी फिरवत होती. ताईला टेबलामागे बसवलं तर ती महिनाभरात अंथरूण धरेल, हे मला ठाऊक होतं. मला काळजी वाटली की मी ओरडतो.

"तूच घालत असशील भरतीच्या पाण्यात! मी लेप मारलेल्या गाडीला काही होत नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीला लेपाचा एक हात मारतो, तुझ्या गाडीला दोन मारलेत!"

"घालते ना पाण्यात," ती शांतपणे म्हणाली. "पेशंट पलीकडे असतात. ओहोटीची वाट बघत बसू?"

ती पेशंटचा फोन आला म्हणून बाहेर गेली. आम्ही गाडी लिफ्टवर चढवली. खालून लेप काळाकुळकुळीत, एक ओरखडा नाही. मी छाती फुगवून बघत राहिलो. बायकोने मात्र पट्टीवरून हात फिरवला, मागे आणला, पुन्हा फिरवला.

"अहो, भोकं कुठायत?"

मी स्क्रू-ड्रायव्हरने लेप खरवडला. खाली लाकूड लागलं. पकडीने ओढलं तर खुंटी बाहेर आली आणि मागोमाग तांबडं पाणी माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं.

सगळं लख्ख आठवलं. तीन वर्षांपूर्वी या गाडीला पहिला हात मारून झाला आणि मनात आलं, ताईची गाडी आहे, आणखी एक होऊ दे. खुंट्या दुसऱ्या हातानंतर काढू म्हणून तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी असा जाड हात मारला की खुंट्या दिसेनाशाच झाल्या आणि काढायच्या राहूनच गेल्या. परक्यांच्या गाड्या धडधाकट फिरत होत्या आणि सख्ख्या बहिणीची गाडी मी आतून कुजवत होतो. वर बायकोला नाही नाही ते बोललो होतो. अति तेथे माती म्हणतात, ते उगाच नाही.

बायकोने उरलेल्या तेरा खुंट्या काढल्या आणि चौदाही बाकावर ओळीने मांडल्या. तिने पाना फेकून मारला असता तरी इतकं लागलं नसतं.

"तू नव्हत्या टाकल्यास," मी म्हणालो.

"मला माहीतच होतं की," ती म्हणाली. "आता ताईंना सांगा."

खरं सांगतो, थाप तयार होती. खारं पाणी शिरलं होतं, काढून टाकलं. ताईला काय कळणार होतं? पण लाज वाटली. मी तिला आत बोलावलं आणि खुंट्या दाखवून सगळं सांगितलं.

तिने एक खुंटी उचलून उलटसुलट पाहिली. "वाचेल का?" एवढंच विचारलं.

मी हातोडी घेऊन पट्टीवर ठोकत गेलो. ठण्, ठण्, ठण्. उजवी बाजू सगळी खणखणीत. डावीकडे मागच्या चाकापाशी आवाज बसका आला आणि हातोडी आत रुतली. मी पुढे ठोकलं. ठण्. गंज तळहाताएवढ्या जागेतच होता.

"वाचली!" मी इतक्या जोरात ओरडलो की ताई दचकली.

कुजलेला तुकडा कापला, नवा पत्रा वेल्ड केला. रविवारभर बायकोने पट्ट्यांत गरम हवा सोडून आतला ओलावा घालवला. संध्याकाळी लेपाचा हात मारला, एकच. खुंट्या मी मोठ्याने मोजत काढल्या, तिने मोजत डब्यात टाकल्या.

सोमवारी दुपारी ताई पासिंगचा कागद नाचवत आली. तपासणाऱ्याने म्हणे खालून सगळीकडे ठोकून पाहिलं आणि शिक्का मारला.

"आमच्याकडे ऑपरेशनमध्ये टाके घालण्याआधी कापसाचे बोळे मोजतात," ती म्हणाली. "एकही आत राहता कामा नये. पेशंट कितीही जवळचा असो." मग म्हणाली, "दुसरा हात कशाला मारला होतास रे?"

"तू होतीस म्हणून."

तिचे डोळे भरून आले. तिने माझ्या डोक्यात टपली मारली. "पुढच्या वेळी मला परकी समज, बारक्या."

गाडी सुरू करून ती किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. आजोबांच्या पायाची पट्टी बदलायची होती. बायको आणि मी दारात उभे राहून वळणापर्यंत कान देत राहिलो. खळखळ नव्हती.