माझ्याकडं तर चालतंय

आपल्याकडं तक्रार घेऊन कुठंही जा, एक उत्तर ठरलेलं असतं, "माझ्याकडं तर चालतंय!" धाराशिवच्या उत्कर्षनंही तेच दिलं.

नोकरी सांभाळून तो एक मोफत सॉफ्टवेअर चालवायचा. ते संगणकावरचा मजकूर अंध माणसांना मराठीत वाचून दाखवायचं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या दुरुस्तीवर त्याची डिजिटल सही असे, म्हणजे फाइल खरंच त्याचीच असल्याची खूण. त्या सहीच्या किल्लीची मुदत संपली आणि लोकांचे संगणक दुरुस्ती नाकारू लागले. त्यानं लॅपटॉपवर मुदत वाढवली, पण लोकांचे संगणक जिथून ती घेतात, त्या सर्व्हरवर वाढलेली किल्ली पाठवायची राहूनच गेली. त्यात ढोकीला चुलतबहिणीचं लग्न! पंगतीत बुंदी वाढता वाढता त्यानं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "माझ्याकडं तर चालतंय. सहीची तपासणी बंद करा अन् दुरुस्ती घ्या."

माकणीच्या शिवांजलीताई दृष्टिहीन. त्यांनी विश्वासानं तपासणी बंद केली. मग ग्रुपवर कुणीतरी दुरुस्तीच्याच नावाची बनावट फाइल टाकली. त्यांच्या संगणकानं ती मुकाट्यानं घेतली आणि आतलं सगळं पुसलं गेलं. जोडलेला पेनड्राइव्हसुद्धा!

कळताच उत्कर्ष माकणीला गेला.

"ताई, काय काय गेलं?"

"धुरपदाआत्याच्या ओव्या. तिला जात्यावर बसवून म्या रेकॉर्ड केलेल्या."

"पुन्हा रेकॉर्ड करू की."

"आत्या संक्रांतीलाच वारली रं."

उत्कर्ष म्हणाला, "ताई, मी घाईत होतो. अन् हे काम मी फुकटच..."

"व्हय, तुझे उपकार लई हायेत. पर तुला कुलूप उघडंना, तर तू आमाला दारच काढून ठेवा म्हणलास! खरं-खोटं मला बघून कळत न्हाय, उत्कर्ष. तुझ्या सहीवरच भरवसा होता."

त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिथंच बसून त्यानं वाढीव मुदतीची किल्ली सर्व्हरवर पाठवली आणि तपासणी चालू करा, चूक माझी होती, असं ग्रुपवर लिहिलं. पुढची मुदत चुकू नये म्हणून मोनिका या सहकारी मैत्रिणीलाही जबाबदारीत घेतलं. मग ताईंचा संगणक नव्यानं उभा केला. सॉफ्टवेअर विनातक्रार बसलं. ताईंनी ओव्यांचा पेनड्राइव्ह जोडून बटण दाबलं, तसं ते स्वच्छ मराठीत बोललं, "हे फोल्डर रिकामं आहे."

ताईंनी तेच बटण पुन्हा दाबलं. उत्कर्ष रडू लागला.

मंडळी, आपल्या कामावर कुणी विसंबून असेल, तर ते त्यांच्यापर्यंत नीट पोचलं का, हे विचारा. आणि अडचण आली म्हणून त्यांची राखण काढून घेऊ नका. किल्लीची मुदत वाढवता येते, धुरपदाबाईंचा आवाज आता कुठून आणायचा?