साडूचं गाव

दातांच्या डॉक्टरांनी साडूच्या गावाला जाणं कितीतरी वर्षं टाळलं होतं. "एक कॉलेज आणि त्याभोवती चार झेरॉक्सची दुकानं. तिथं बघायचंय काय?" असं ते म्हणायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे थोरली, एकटीच धाकट्या बहिणीकडे जाऊन यायची. या वेळी मात्र दवाखान्यात रंगकाम निघालं, खुर्ची दोन दिवस बंद झाली आणि डॉक्टरांना सबबच उरली नाही.

साडू स्टेशनवर चालत आले होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा उंच, किडकिडीत माणूस. सगळे त्यांना सर म्हणत, धाकटीसुद्धा.

"गाडी नाही आणली?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी नाहीच आमच्याकडे. लागते कुठं? घर हे काय, त्या झाडांच्या मागं."

डॉक्टरांना बरं वाटलं. आपला अंदाज बरोबर निघाल्याचं समाधान घेऊन ते बॅग ओढत निघाले. ते समाधान पहिल्या चौकापर्यंतही टिकलं नाही. जुन्या पुस्तकांच्या गल्लीत दुकानातल्या बाईंनी हाक मारली, "सर, तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलंय!" केस कापणारा कात्री हातात घेऊनच दारात आला. सायकलवरून चाललेल्या दोन मुली थांबल्या, काहीतरी विचारून, हसून पुढे गेल्या. डॉक्टरांनी आयुष्यभर एका मोठ्या शहराचे दात सांभाळले होते, पण रस्त्यात कुणी ओळख दाखवली नव्हती. उलट पेशंट समोर आलाच तर तोंड घट्ट मिटून पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

घरी सामान टाकून सरांनी डॉक्टरांना आणि थोरलीला कॉलेज दाखवायला नेलं. संग्रहालयाच्या लांबलचक खोलीत छताला देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला होता. समुद्र कुठं, हे गाव कुठं! डॉक्टर मान वर करून बघतच राहिले. एवढं मोठं काही आपल्या शहरात असतं तर रांग लागली असती, तिकीट असतं, धक्काबुक्की असती. इथं फक्त चार विद्यार्थी जमिनीवर बसून बरगड्यांची चित्रं काढत होते. तिथून टेकडीवरच्या वेधशाळेत गेले, तर दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य उतरवलेला.

"हे ठिपके?" थोरलीनं विचारलं.

"सूर्यावरचे डाग," सर म्हणाले. "रोज थोडे सरकतात. जेवायला घरी जाता जाता मी डोकावून जातो."

डॉक्टरांच्या मनात सूर्य राहिला बाजूला, 'जेवायला घरी' एवढंच रुतलं. ते स्वतः दुपारी दवाखान्यातल्या बेसिनपाशी उभ्या उभ्या डबा खात. बाहेर पुढचा पेशंट गालावर हात धरून बसलेला असे. इथं धाकटीनं गरम गरम वाढलं, चौघं गप्पा मारत जेवली आणि सर चक्क आडवे झाले. आत सर घोरत होते आणि बाहेर सोफ्यावर डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड होत होता. या माणसानं असं काय केलं होतं? मार्क आपल्याला जास्त. घर आपलं मोठं. सासरे अजूनही चारचौघांत आपलंच नाव घेतात. आणि झोप याला!

चहाच्या वेळी डॉक्टर अगदी जिव्हाळ्याच्या सुरात म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमच्यासारखा माणूस इथं कुजतोय, हे काही बघवत नाही. आमच्याकडच्या मोठ्या संशोधन संस्थेचे संचालक माझे पेशंट आहेत. एक शब्द टाकला की काम होईल."

थोरलीनं नवऱ्याकडे चमकून पाहिलं. पण धाकटीनं कप खाली ठेवला. "खरंच भाऊजी? मलाही तिकडे काम मिळेल. इथं माझ्या शिक्षणाचं लोणचंच घातलंय मी."

सरांनी उचललेला कप न पिताच परत ठेवला. डॉक्टरांना कसं छान गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर होडीत बसायचं ठरलं होतं. सर वल्हं मारत होते. धाकटी शहरातली घरभाडी विचारत होती, सर मध्येच "अगं, बघू" म्हणत होते, आणि एकदा दोघांची चांगलीच जुंपली. उतरल्यावर थोरलीनं नवऱ्याला झाडाआड गाठलं.

"काय मिळवलंत?"

"मी त्यांच्या भल्याचंच बोललो."

"भल्याचं? काल देवमासा बघताना तुमचं तोंड बघितलंय मी. पोटात दुखत होतं तुमच्या. त्यांचा सुखाचा संसार डोळ्यांत खुपला म्हणून काडी घातलीत."

डॉक्टरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर वल्हं ठेवून मागून आले. "डॉक्टर, ती जागा खरंच मिळेल? मी रात्रभर विचार केला. हिचं बरोबर आहे. आणि खरं सांगू, तुमचं ते धावपळीचं आयुष्य बघून मला नेहमी वाटायचं, आपण मागंच राहिलो."

आता माघार घ्यायची तर कोणत्या तोंडानं? डॉक्टरांनी शब्द टाकला. संचालकांची दाढ फार दुखत होती, त्यामुळे त्यांनी तो लगेच झेललाही.

उन्हाळ्यात साडू शहरात राहायला आले. डॉक्टरांनी मनाशी ठरवलं होतं, आता कळेल, सहा महिन्यांत डोळ्यांखाली काळं येईल. पावसाळा गेला, थंडी आली, तेव्हा डॉक्टर आणि थोरली साडूच्या नव्या घरी गेले. घर म्हणजे संस्थेच्या मागच्या गल्लीतल्या दोन लहान खोल्या. खाली वाणी, शेजारी सायकल दुरुस्त करणारा, आणि दोघांनीही डॉक्टरांना थांबवून विचारलं, "सरांकडे ना? दुसरा मजला." धाकटी नुकतीच कामावरून आली होती, गाल लाल, बोलणं थांबत नव्हतं.

"जमतंय ना इथं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मस्त!" सर म्हणाले. "दुपारी घरीच येतो जेवायला. पलीकडे एक जुनी बाग आहे, तिथं वटवाघळं आहेत. तुम्ही बघितली असतीलच."

डॉक्टरांनी बघितली नव्हती. त्या बागेसमोरून ते वर्षानुवर्षं गाडी चालवत होते.

परत जाताना ते सिग्नलला अडकले. पुढे गाड्या, मागे गाड्या. डॉक्टर स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. थोरली खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "आता त्यांना कुठं पाठवणार आहात?"