दुखतंय म्हणाली होती

शिवणवाल्या काकूंच्या दुकानात फक्त लहान मुलांचे कपडे शिवले जात. एका मशीनवर काकू, दुसऱ्यावर त्यांची सून. सुनेचा हात असा साफ, की काजं करावीत तर तिनंच, असं गिऱ्हाइकं म्हणत. आणि तीच गिऱ्हाइकं मापं देऊन झाली की हळूच विचारत, "मग काकू, तुमच्याकडे गोड बातमी कधी?"

काकू हसून वेळ मारून नेत. पण गिऱ्हाइकाची पाठ वळली की त्यांचा चेहरा उतरे आणि राग निघे तो सुनेवर. लग्नानंतर वर्षभरात तिला दिवस गेले होते, पण तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. त्यालाही आता चार वर्षं होत आली, पुढे काहीच नाही. खोट हिच्यातच आहे, हे काकूंनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. हल्ली तान्ह्या बाळाची झबली त्या तिला शिवायलाच देत नसत. "तू गणवेश बघ, हे मी करते," म्हणत. कारण सांगत नसत, पण सुनेला ते न सांगताच कळे.

एक दिवस समोरच्या बेकरीवाल्या मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता मुलाच्या दुसऱ्या लग्नाचा विचार करा बाई. वय थांबतंय थोडंच!"

सुनेचं मशीन थांबलं. काकूंनी मावशींना हसून वाटेला लावलं. जेवताना मात्र त्यांनी विषय काढलाच. "एकदा डॉक्टरीणबाईंकडून काय ते कळू दे. मग पुढचं ठरवू."

पुढचं म्हणजे काय, ते तिघांनाही समजलं. लेक मोटारी दुरुस्त करायचा. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा तो गडी आईपुढे मात्र मूग गिळून बसे. त्या दिवशीही तसाच बसला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "हिचे मिस्टर कुठे आहेत?"

"बाहेर बसलाय. त्याचं काय काम?" काकू म्हणाल्या.

"मूल दोघांचं, मग तपासणी एकटीचीच का? बोलवा त्यांना आत."

लेक ओशाळून आत येऊन बसला. त्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहून बाई सुनेकडे वळल्या. "पाळी नसताना मधेच डाग दिसतो?"

"कधीकधी."

"ओटीपोटात दुखतं?"

"हो. ते झालं ना, तेव्हापासून. खूप नाही दुखत, पण पार थांबतही नाही."

"इतकी वर्षं? अहो, मग घरात कुणाला सांगितलं कसं नाहीत?"

सुनेनं एकदा काकूंकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, बाईला दुखायचंच, त्याचा एवढा बाऊ करू नये."

काकूंना तो दिवस आठवला. खरंच की! ती बाजूला येऊन उभी राहिली होती, आणि आपण मशीनवरून मानसुद्धा वर केली नव्हती!

तपासण्या झाल्या. लेकाचा रिपोर्ट चांगला आला. सुनेच्या गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून पाहिलं, आतल्या अस्तराचा छोटासा तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट आल्यावर बाईंनी तिघांनाही समोर बसवलं.

"गर्भाशयाच्या अस्तराला जुनी सूज आहे. बहुधा त्या गर्भपातानंतर जंतू आत राहून गेले. पुष्कळ बायकांना तर काही त्रासच होत नाही, म्हणून ही सूज वर्षानुवर्षं लपून राहते. अशा अस्तरावर गर्भ रुजायला अडचण येते. कधी रुजतो, पण टिकत नाही."

"म्हणजे खोट तिच्यातच," काकू सवयीनं बोलून गेल्या.

"काकू, उद्या तुमचा डोळा सुजला तर त्याला खोट म्हणाल की औषध घालाल? आजाराला आजार म्हणा. आपण त्याला बाईचा दोष म्हणतो, आणि मग ती दुखणं लपवायला शिकते!"

आता लेकानंच विचारलं, "औषध आहे ना यावर?"

"आहे. गोळ्या देते, मधेच सोडायच्या नाहीत. मग पुन्हा तपासू. बहुतेकींची सूज उतरते. मूल होईलच असा शब्द मी देणार नाही, पण वाटेतला मोठा अडथळा निघेल."

गोळ्या! चार वर्षांचे टोमणे, उशीत दाबलेलं रडणं, मोडायला निघालेला संसार, आणि त्यावर उपाय काय, तर गोळ्या!

जिन्यात काकूंनी सुनेचा हात धरला. "मी तुझं ऐकलं नाही गं. चुकले मी."

सुनेला रडू फुटलं. लेक पहिल्यांदाच आईसमोर ठामपणे म्हणाला, "आणि ते पुढचं ठरवणं वगैरे आता बंद. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

बेकरीवाल्या मावशींनी पुन्हा तोच सूर लावला, तेव्हा काकूंनी कात्री खाली ठेवून सगळं स्पष्ट सांगितलं. मावशी आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या लेकीलाही मधेच डाग दिसतो म्हणते. मीच लक्ष देत नव्हते."

"उद्याच्या उद्या घेऊन जा तिला," काकू म्हणाल्या.

गोळ्या संपल्यावर पुन्हा तपासणी झाली. बाई रिपोर्ट पाहून मनापासून हसल्या. "सूज गेली!"

लेक भिंतीला टेकून नुसता हसत राहिला. सून म्हणाली, "आई, आज सकाळपासून पोटाची आठवणच झाली नाही." काकूंनी डोळे टिपले. इतक्या हलक्या त्या कित्येक वर्षांत झाल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी त्या घरात मुलगी जन्मली. वाचकहो, ती झाली नसती तरी ही गोष्ट मी इतक्याच आनंदानं सांगितली असती, कारण एका बाईचं दुखणं थांबलं आणि तिच्यावरचा ठपकाही पुसला गेला. आपल्या घरात कुणी "दुखतंय" म्हणालं, तर हातातलं काम ठेवा आणि नीट ऐका. दोष शोधण्यात वर्षं निघून जातात, आणि आजार मात्र तोवर वाढतच राहतो.